उजव्या चाकाखालचा दगड

श्रावण : पाय धुतो मंग. पह्यले सांग, हा दगड उजव्या चाकाखाली कोनं ठेवला?

सत्यशीला : दगडच आहे. कोनत्याबी चाकाखाली राह्यते.

श्रावण : मी चाळीस वर्सापासून डाव्या चाकाखाली ठेवतो. उतारावरून सोडल्याबिगर ही जीप सुरू होत नाई, म्हणून. परवा बसनं नागपूरले गेलो तवाबी डाव्याखालीच होता. जीप हालली आहे, धम्मदीपची माय.

सत्यशीला : हेडलाइटची काच भेटली का?

श्रावण : भेटली. तू गोष्ट बदलवू नको. अन् हे काय? मडगार्डले ओरखडा! रविवारी जुन्या गाड्यायची रॅली आहे. सहा महिने घासून घासून जंगलखात्याचा जुना हिरवा रंग जमवला मी... अरे बापा! मांगच्या सीटवर हे काय सांडलं?

सत्यशीला : रगत.

श्रावण : कोनाचं?

सत्यशीला : सुकरीचं. काल सकाळी मोहाफुलं वेचाले गेलती. झाडाखाली अस्वल. डोक्याची कातडी कपाळावर आलती, पदरानं दाबून धरली होती मी.

श्रावण : आपल्या शेजारची सुकरी? जिती आहे ना?

सत्यशीला : जिती आहे. ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात. चव्वेचाळीस टाके पडले. डॉक्टर म्हणे, अर्धा तास उशीर झाला असता तर काई खरं नवतं.

(श्रावण जीपच्या पायरीवर बसतो.)

श्रावण : अन् ॲम्ब्युलन्स?

सत्यशीला : दुसऱ्या पेशंटले घेऊन गेलती. गावातल्या दोन्ही ट्रॅक्स गाड्या वरातीत. उरली ही तुमची रॅलीवाली.

श्रावण : म्हणजे धम्मदीपनं नेली. वाटलं नवतं त्याले जमन म्हणून.

सत्यशीला : नाईच जमलं. गिअरच पडे ना. नुसती कराकरा वाजे अन् बंद पडे. दोनदा ढकलली लोकायनं. आपलं मास्तर पोरगं घामानं ओलंचिंब, अन् सुकरी मांगं कन्हून राह्यली.

श्रावण : मंग नेली कोनं?

सत्यशीला : चहा मांडू का?

श्रावण : कोनं नेली, म्हणतो!

सत्यशीला : मी.

श्रावण : तू?

सत्यशीला : धम्मदीपले म्हटलं, उठ तिथून. सुकरीचं डोकं धर.

श्रावण : तू जिंदगीत सायकल चालवली नाई!

सत्यशीला : सायकल कोनं दाखवलीच नाई. ही चाळीस वर्सं बाजूले बसून पाह्यली. अन् तुमी सारखे बडबडता. "क्लच दाब, न्यूट्रल कर, सोड, थोडी रेस दे, पुन्हा दाब, आता टाक." झोपेतबी म्हणता. मीबी तसंच म्हणत गेली.

श्रावण : बिनालायसनची! नाक्यावर कोनं अडवलं नाई?

सत्यशीला : हिरवा रंग पाहून शिपायानं सलाम ठोकला. जंगलखात्याची मॅडम वाटली असन.

श्रावण : अवो, पण हिचा ब्रेक! तीनदा मारल्याबिगर लागत नाई!

सत्यशीला : माहीत आहे. ओरखडा दवाखान्याच्या फाटकाचा आहे. तिथी दोनदाच मारला.

श्रावण : मले काई सुधरून नाई राह्यलं. मी तर समजून होतो, माह्याबिगर ही जीप गावाबाहेर जाऊच शकत नाई. मी मेलो का इथीच सडन.

सत्यशीला : तुमी तर म्हणाल, सुकरी मेली तरी चाललं असतं, पण जीपले हात काऊन लावला.

श्रावण : तसं नको बोलू.

सत्यशीला : सीट दोनदा धुतली. डाग जात नाई. रॉकेल लावून पाहू का? रॅलीत साऱ्यायले दिसन.

श्रावण : राहू दे.

सत्यशीला : अन् ओरखडा?

श्रावण : तोबी राहू दे. धम्मदीपची माय...

सत्यशीला : काय जी?

श्रावण : दुसरा गिअर टाकताना आवाज आला का?

सत्यशीला : नाई.

श्रावण : थोडाबी नाई?

सत्यशीला : नाई जी.

श्रावण : माह्या हातानं अजूनबी येते.