जालिंदरअण्णांची गाडीपरीक्षा

तर मंडळी, काला फुटायला अजून अवकाश आहे. मडक्याकडं बघू नका, इकडं बघा! एक प्रश्न विचारतो. चांगलं कशाला म्हणावं? स्वस्त मिळतं ते चांगलं? कमी खातं ते चांगलं? का वर्षानुवर्षं टिकतं ते चांगलं? बोला! — बघा, कुणी बोलत नाही. बाजारात मेथीच्या जुडीवर अर्धा तास बोलता, आणि इथं तोंडं शिवलेली. मृदंगवाले, हसू नका, तुम्हालाही विचारतोय.

मग ऐका. डोंगराच्या पायथ्याला एक गाव. नाव सांगत नाही, तुमच्यातच कुणाचे तरी पाहुणे निघायचे तिथले. त्या गावात जालिंदरअण्णा ढोबळे नावाचे गृहस्थ. धंदा रोपवाटिकेचा. म्हणजे काय? टोमॅटो, मिरची, वांगी यांचं बी ट्रेमध्ये टाकायचं, पंचवीस दिवस लेकरासारखं जपायचं आणि तयार रोपं लोकांच्या शेतावर पोचवायची. जपायचं कुणी? अण्णांच्या मालकीणबाईंनी, कौतिकाकाकूंनी. पहाटे उठून झारीनं पाणी काकूंनी घालायचं, कीड काकूंनी बघायची. आणि अण्णांनी? अण्णांनी विचार करायचा! घरात एक माणूस विचार करायला लागतोच की हो.

रोपं पोचवायला गाडी इलाहीभाईंची. जुनं पिकअप. मागचा फाळका तारेनं बांधलेला, पत्र्याला भोकं, आणि हॉर्न सोडून बाकी सगळं वाजायचं! काकू एकदा म्हणाल्या, धंदा वाढलाय, आपलं छोटं पिकअप घेऊ. अण्णा म्हणाले, घेऊ, पण पारखून घेऊ. आणि त्यांनी दोनशे पानी वही आणली. वहीत तीन रकाने पाडले — किंमत, ॲव्हरेज, पत्रा. झालं! रकाने पाडून दोन वर्षं उलटली, गाडी काही दारात आली नाही.

अण्णा दिसेल त्या पिकअपला हात करायचे. ॲव्हरेज काय देते? आता मंडळी, तुम्ही गाडीवाले आहात, तुम्हाला ठाऊक आहे. मालकाला विचारा, तो सांगेल अठरा. त्याच गाडीच्या ड्रायव्हरला विचारा, तो सांगेल चौदा. मधलं चार किलोमीटरचं डिझेल गेलं कुठं? — ते तिसऱ्या रांगेत खाली मान घालून बसलेत त्यांना विचारा! मालक खरं सांगत नाही, कारण फसलो असं दिसेल. ड्रायव्हर खरं सांगत नाही, कारण डिझेल कुठं मुरतं ते दिसेल. आणि अण्णा दोन्ही आकडे वहीत लिहायचे, भागिले दोन करायचे आणि त्याला सत्य म्हणायचे.

अण्णांना पुढं पुढं ती सवयच जडली. पुतणीला स्थळ आलं. मध्यस्थ कौतुकानं सांगत होता, मुलगा रोज सकाळी दहा किलोमीटर पळतो. अण्णांनी विचारलं, आणि खातो किती? स्थळ गेलं मंडळी. पोहेसुद्धा अर्धे टाकून गेलं.

शेवटी काकूंनी निर्वाणीचं सांगितलं, आता घ्या, नाहीतर ती वही चुलीत घालते. अण्णांनी तालुक्याच्या तीन एजंटांना एकाच दिवशी बोलावलं. तीन पिकअप दारात उभी राहिली. पांढरी, निळी, राखाडी. पांढरी किमतीला हलकी. निळी डिझेलला काटकसरी. राखाडीचा पत्रा असा, की बोटानं वाजवला तर बोट दुखावं. अण्णा म्हणाले, रिकामी गाडी कुणाचीही पळते! भरून घाटात घालायची, मग कळेल.

हे मात्र खरं बोलले हो. आपलं एक चरण आहे —

घाटात कळे गाडीची धाव ।
अडल्या वेळी माणसाचा भाव ॥

चरण माझंच आहे. कुणा संताच्या नावावर खपवत नाही, म्हणून जरा लंगडतंय. टाळकरी, एकदा धरा आणि सोडा.

तर, भरायचं काय? अण्णांची नजर गेली शेडमध्ये. टोमॅटोची बारा हजार रोपं तयार होती. ती होती हौसाबाई थिट्यांची. हौसाबाईंनी दोन एकर रान तयार केलेलं, आदल्या दिवशी सऱ्या भिजवलेल्या, लागणीला दहा बाया सांगितलेल्या. नऊ वाजता रोपं पोचवायचा शब्द काकूंनी दिला होता. काकू म्हणाल्या, आधी तिच्या बांधावर रोपं उतरवा, मग हिंडा कुठं हिंडायचं ते. अण्णा म्हणाले, अगं, आपल्याला गाडीतून रोपंच न्यायची ना? मग रोपांनीच परीक्षा नको का? घाट चढून उतरायचा, येता येता हौसाबाईकडं उतरवायची. एका कामात दोन कामं!

एका कामात दोन कामं करणारा माणूस दिसला, की मंडळी, तिथून थोडं लांब उभं राहावं.

सव्वाशे ट्रे तीन गाड्यांत वाटले. रोपांना वजन ते काय! म्हणून प्रत्येक गाडीत पाण्याची दोन-दोन भरलेली पिंपं चढवली. तिन्ही टाक्या पंपावर तोंडापर्यंत भरल्या आणि वरात निघाली. सगळ्यात पुढं अण्णा, मांडीवर वही. घाट चढले, उतरले, पुन्हा पंपावर येऊन टाक्या भरल्या, किती डिझेल बसलं ते लिहिलं. निळी जिंकली. तोच पांढरीचा एजंट म्हणाला, निळीच्या ड्रायव्हरनं उतारावर गाडी न्यूट्रलला टाकली, मी मागून बघितलं. निळीचा म्हणाला, तुझ्या बघण्यावर कोण विश्वास ठेवतो? अण्णांनी निकाल दिला, पुन्हा एकदा!

साडेनऊ वाजले होते. फाल्गुनातलं ऊन. पुन्हा घाट. या फेरीला पांढरी जिंकली, तर राखाडीवाला म्हणाला, माझी पिंपं मोठी आहेत, मला वजन जास्त. पिंपं बदलली. पुन्हा घाट! उघड्या गाडीत वारा लागतोय, वरून ऊन. वळणावर पांढरीचा ड्रायव्हर, चांगला माणूस बिचारा, अण्णांजवळ येऊन म्हणाला, "अण्णा, रोपं माना टाकायला लागली. पिंपातलं थोडं पाणी मारू का?"

अण्णा काय म्हणाले असतील? सांगा! अण्णा म्हणाले, "पाण्याला हात लावू नको. वजन कमी झालं तर हिशेब चुकेल."

मंडळी, हसलात. हसा. गाडीत पाणी आहे, पाण्याशेजारी तहानलेलं रोप आहे, आणि मधे अण्णांची वही आहे. पाणी सहा पिंपं, आणि रोपाला घोट नाही. मला हे सांगताना हसू येत नाही हो.

दोन वाजता वरात हौसाबाईंच्या बांधाला लागली. बाया लिंबाखाली बसून होत्या. सऱ्यांवर ऊन तापलं होतं. कौतिकाकाकू वाट बघून इलाहीभाईंच्या गाडीतून तिथं येऊन थांबल्या होत्या. अण्णा उडी मारून उतरले, चेहऱ्यावर आनंद मावेना. दोन वर्षांचा प्रश्न सुटला होता ना! वही उघडून त्यांनी वाचायलाच घेतलं. किमतीला पांढरी, ॲव्हरेजला निळी, दशांशासकट, पत्र्याला राखाडी, आणि तिन्हींचा मेळ घातला तर...

काकूंनी एक ट्रे उतरवला. पानं करपलेली, देठ आडवे पडलेले. दुसरा उतरवला, तोही तसाच. पंचवीस दिवस त्यांनी त्या रोपांवरून हात फिरवला होता. त्यांनी आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं, "ठरली का गाडी?"

"ठरली," अण्णा म्हणाले.

"बरं झालं. आता तिच्यात भरायचं काय?"

अण्णांनी वही मिटली. अण्णांना लाज वाटली मंडळी, खरी लाज. ते गाडीत चढले, पिंपाचं झाकण काढलं आणि ओंजळीओंजळीनं रोपांवर पाणी टाकायला लागले. पण पाण्याची वेळ निघून गेली होती. तिन्ही एजंटांनी एकमेकांकडं बघितलं, पिंपं उतरवून दिली आणि आपापल्या वाटेनं निघून गेले.

हौसाबाई काही वेडंवाकडं बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "कौतिका, माझी ओल आजच्यापुरती आहे गं." काकूंनी क्षणभर विचार केला. घरच्या रानासाठी त्यांनी तेवढीच रोपं राखून ठेवली होती. त्या म्हणाल्या, इलाहीभाई, चला. इलाहीभाईंनी किती, कुठं, काय देणार, काही विचारलं नाही. गाडी चालू केली. फाळका धड बसत नव्हता, म्हणून ट्रे सांभाळायला मागं कोण बसलं? जालिंदरअण्णा! रोपांवर ओलं गोणपाट धरून, गुडघे पोटाशी घेऊन. आणि सवय बघा माणसाची! वाटेत पुढच्या खिडकीत तोंड घालून विचारलंच, "इलाहीभाई, ही ॲव्हरेज काय देते?"

"कधी मोजलं नाही, अण्णा. हाक मारली की जाते."

दिवस मावळायच्या आत हौसाबाईंची लागण झाली. ढोबळ्यांचं घरचं रान त्या हंगामात मोकळं राहिलं, आणि अण्णा रोज सकाळी त्या मोकळ्या रानाकडं बघत झारी भरायला लागले. एवढं आख्यान.

काय? काय म्हणता, मोठ्यानं बोला. — शेवटी गाडी कुठली घेतली? धन्य आहात! एवढं घसा कोरडा करून सांगितलं, त्यातून तुम्ही हेच उचललंत! तुम्हाला काय हो दोष द्यावा. सप्त्याच्या कमिटीनं मलासुद्धा असाच ठरवला. महाराज घेतात किती? जेवतात किती? आवाज टिकतो का? तीन रकाने!

आता माझा प्रश्न. मंडपाबाहेर अकरा गाड्या उभ्या आहेत, येताना मोजल्या मी. धुतलेल्या, पुसलेल्या, लिंबू-मिरची लावलेल्या. आणि या खांबाला टेकून बसलेल्या सगुणाआक्का सात दिवस माळावरच्या वस्तीवरून पायी येतायत. काठी टेकत. त्यांच्या जवळून गेल्या ना तुमच्या गाड्या रोज? धूळ उडवत गेल्या! ॲव्हरेज छान राखलंत. पत्रा शाबूत आहे. पण गाडी रिकामीच पळाली.

आता बारा वाजतील. ऊन डोक्यावर येईल. काला घेऊन आक्का परत पायीच निघतील.

त्यांना वस्तीवर कोण सोडणार? — नको, हात वर नको. हात सगळेच वर करतात.

किल्ली वर करा.