सोमवारपर्यंत

हाडांच्या दवाखान्यात गुडघ्याचा एक्स-रे घेऊन बसलेल्या निवृत्त शिक्षिकेच्या शेजारी एक उंच मुलगी आणि तिची आई येऊन टेकल्या. मुलीला बाईंनी लगेच ओळखलं. बास्केटबॉलची नावाजलेली खेळाडू, आठ महिन्यांपूर्वी भर सामन्यात पाऊल मोडलेली. बाईंचे कान आपसूक टवकारले.

“आज उडी मारायला परवानगी देतील ना गं, आई?”

“घाई कशाला? हाड सांधलं तरी महिनाभर जपावं.”

“आठ महिने जपलंय! आता स्वप्नातही चेंडूच दिसतो.”

“ठाऊक आहे. झोपेत हात हलतो तुझा.”

“तू बघत बसतेस?”

“बाराव्या वर्षी वसतिगृहात गेलीस. बघायची राहूनच गेली होतीस.”

मुलीचा नंबर आला. ती आत गेली आणि दहा मिनिटांनी जवळजवळ धावतच बाहेर आली.

“सुटले! सोमवारपासून सराव!”

“देव पावला गं बाई.”

“मग डोळे का पुसतेस?”

“उगीच. आज वार कोणता?”

“गुरुवार.”

“म्हणजे अजून तीन दिवस घरी आहेस. चल, इथे बोलत नको बसायला. घरी चल.”

“अगं, हळू! पळायची परवानगी मला मिळालीये.”