गोटा म्हणायचं नाही

...नाही पण, गोटे? तुम्हीच सांगा, गोटे म्हणायचं? नाल्यात पडलेला असतो तो गोटा. दार आपटू नये म्हणून खाली सरकवतात तो गोटा. माझ्याकडे आहेत ते शंख आहेत, शिंपले आहेत! दगड झालेत, मान्य, पण एकेकाळी जिवंत होते ते, त्यांना पाय होता, एकच होता पण होता, आणि त्या एका पायावर ते समुद्राच्या तळाशी आपापल्या कामाला जात होते... आणि आमच्या घरात त्यांना काय म्हणतात? दीपूचे गोटे. दीपू, तुझे गोटे उचल, फरशी पुसायची आहे. दीपू, मोरीत कोणाचे गोटे आहेत? म्हणून पुढचं ऐकायचं असेल तर आधीच सांगून ठेवते... गोटा म्हणायचं नाही.

हो, वणीत. हसा. वणीत समुद्र म्हटलं की सगळेच हसतात. इथं कोळसा आहे, कोळशाचे ट्रक आहेत, आणि दोरीवर सकाळी पांढरी वाळत घातलेली चादर दुपारी राखाडी होऊन घरात येते, तिथं कसला समुद्र? पण कॉलेजात जिऑलॉजीच्या सरांनी आम्हाला झरीकडच्या एका टेकडीवर नेलं होतं, तिथं पांढरट दगड फोडून टाकलेला होता, आणि बाकीच्या मुली फोटो काढत होत्या तेव्हा माझ्या चपलेखाली काहीतरी टोचलं. उचललं. चिखलाचा गोळा. पण गोळ्याच्या कडेला एक वळण होतं हो... इतकं नीट वळण चिखल स्वतःच्या मनानं घेत नाही. मी सरांकडे पळत गेले तर सर म्हणाले, "अगं, हे कॉमन आहेत. पोतंभर सापडतात."

कॉमन! मग मी तरी कोण आहे? वणीतली बी.एस्सी. झालेली मुलगी. पोतंभर सापडतात.

त्या दिवसापासून मी आणले. पिशवीत आणले, डब्यात आणले, एकदा तर छत्रीत आणले. बुटांचा एक खोका भरला.

आता माझा स्वभाव सांगते, कारण त्याशिवाय तुम्हाला या सुखाची किंमत कळणार नाही. मी दचकते. कुकरची शिट्टी झाली की दचकते, फोन वाजला की दचकते, कोणी मागून 'दीपमाला' अशी पूर्ण नावानं हाक मारली तर हातातलं खाली पडतं. आणि खाणीत दुपारी तीनला सुरुंगाचे बार उडवतात ना, खिडक्या थरथरतात, तेव्हा आमच्या गल्लीतलं मांजर कूससुद्धा बदलत नाही, पण मी तेवीस वर्षं रोज तीनला उडते! रोज! घड्याळ बघत बसलेली असले तरी उडते. पण शंख हातात असला की... तुम्हाला काय सांगू. आधी दोन दिवस साध्या पाण्यात ठेवायचा. मग जुन्या टूथब्रशनं हळूहळू, गोल गोल. मग सुईनं वळणांतली माती काढायची, जरा जरा, घाई केली की टवका उडतो. फारच चिकट असेल तिथं कापसाच्या बोळ्यानं व्हिनेगर, चायनीजच्या गाडीवर असतं तेच, पण एखादाच थेंब, लगेच धुवायचं, नाहीतर शंखच खातं ते. मग पुसायचा, सावलीत वाळवायचा, आणि शेवटी खोबरेल तेलाचं एक बोट फिरवायचं की सगळ्या रेषा वर येतात! एक वेढा, त्यात दुसरा, त्यात तिसरा... कोट्यवधी वर्षांनी पहिल्यांदा त्याचं तोंड कोणी धुतलं, ते मी. आणि याला म्हणे गोटा.

तर आमचं अंगण आणि शेजारच्या मानीकाकूंचं अंगण यांच्यामध्ये कमरेएवढी भिंत आहे. मानीकाकू तांड्यावरच्या, मुलगा खाणीत लागला म्हणून इकडे राहायला आल्या. मायाळू बाई. त्यांच्याकडे काही झालं तरी वाटी भिंतीवरून आमच्याकडे येते. माझं सगळं धुणं-घासणं याच भिंतीपाशी चालायचं, सकाळी, अंघोळ झाल्यावर, केस ओले, खाली पाट, पाटावर शंख. पाट कशाला, तर पाट सपाट असतो! हे लक्षात ठेवा. पुढे माझी यावरून चौकशी झाली.

पौर्णिमा होती. आमच्या गल्लीत दर पौर्णिमेला एकेका घरी बुद्धवंदना असते, त्या महिन्यात आमच्याकडे होती. माझे बाबा, देवराव, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले आणि विहाराच्या समितीचे सचिव. बाबांना दोन गोष्टी फार प्रिय आहेत, वेळ आणि प्रतिज्ञा. बावीस प्रतिज्ञा त्यांना झोपेतून उठवलं तरी क्रमानं येतात. आणि दर वर्षी ऑक्टोबरात विहारात माईक हातात आला की ते आमच्या आजोबांची गोष्ट सांगतात. छप्पन साली आजोबा नागपूरहून दीक्षा घेऊन आले, देव्हाऱ्यातले सगळे देव एका पोत्यात भरले, पोतं खांद्यावर मारलं आणि निर्गुडा नदीच्या डोहात सोडून आले. मागं वळून पाह्यलं नाही. हे 'वळून पाह्यलं नाही' म्हणताना बाबा स्वतः मान इतकी ताठ करतात की माईक लांब राहतो.

तर अशा देवराव सचिवांच्या अंगणात दुपारी अडीचला सगळ्या बायका पांढऱ्या साड्या नेसून सतरंजीवर बसल्या, वच्छलामावशी सगळ्यांत पुढे, त्या महिला मंडळाच्या अध्यक्ष. त्यांचा आवाज मोठा नाही, पण त्या बोलल्या की पंखाही हळू फिरतो. वंदना झाली. आई खिरीच्या वाट्या आणायला उठली. आणि वच्छलामावशींची नजर भिंतीवर गेली.

भिंतीवर माझा सगळ्यात मोठा शंख होता. सकाळी धुऊन, तेल लावून वाळत ठेवलेला. आणि त्याच्यावर कुंकू होतं! कुंकू, झेंडूचं एक फूल, पुढे दोन बत्तासे... आणि उदबत्ती. पेटलेली! धूर अगदी सरळ वर चाललेला, वारासुद्धा माझ्या बाजूनं नाही.

कोणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं, दचकायला तरी मिळालं असतं. वीस बायका एका दगडाकडे बघतायत, मग बाबांकडे, मग पुन्हा दगडाकडे. आणि बाबा, ज्यांनी तीस वर्षं भरलेल्या गाडीत 'पुढे सरका' म्हटलं, ते नुसता चष्मा पुसायला लागले. मग आईला म्हणाले,

"नलू, पोतं आन."

पोतं म्हणजे डोह! एक शंख नाही हो, पूर्ण खोका, तीन वर्षांचा! आजोबांचे देव जिथं गेले तिथंच माझ्या गोगलगाई जाणार, आणि काहून, तर त्यांचं तोंड स्वच्छ आहे म्हणून?

तेवढ्यात भिंतीपलीकडून मानीकाकूंचं डोकं वर आलं. गर्दी बघून त्यांना आनंदच झाला. बाबांनी शक्य तितक्या सभ्यपणे विचारलं की बाई, हे कुंकू तुम्ही लावलं का, कायले लावलं? त्यांना प्रश्नच कळेना.

"तुमची बेटीच त रोज न्हाऊ घालते त्याले," त्या म्हणाल्या. "पाटावर बसवते, तेल लावते. फूल तेवढं राहून जाते तिचं. म्हटलं, लेकराच्या ध्यानात नाई येत, आपून वाहून द्याव."

बाबा माझ्याकडे वळले. चौकशी सुरू. न्हाऊ घालते? म्हटलं, धुते. पाटावर? म्हटलं, बाबा, पाट सपाट असतो. तेल लावते? म्हटलं, रेषा दिसायला. मग बाबांनी आवाज खाली आणून विचारलं,

"बोलते का त्याच्याशी?"

काय सांगायचं? त्यांच्यासमोर खोटं बोलता येत नाही मला.

"थोडंसं," मी म्हणाले.

मागून कोणीतरी 'बाप्पा' म्हणालं आणि कोणीतरी त्यांना गप्प केलं. आई पोतं घेऊन दारात उभी. तांदळाचं होतं, कोपऱ्यात अजून चार दाणे. आणि मला काय झालं कोण जाणे, आपण होऊन जिचा आवाज कधी चौघांत निघाला नाही ती मी, बारीक, चिरका, पण बोलले,

"एहिपस्सिको."

आत्ताच, दहा मिनिटांपूर्वी, सगळ्यांनी मिळून म्हटलं होतं ना धम्मवंदनेत? दर पौर्णिमेला म्हणतो. एहिपस्सिको, या आणि पाहा. स्वतः पाहा, मग ठरवा. बाबाच मला शिकवताना सांगायचे, कोणी सांगितलं म्हणून मानू नको, आणि कोणी सांगितलं म्हणून फेकूही नको. दुसरं वाक्य ते म्हणाले होते की नाही, आता नक्की आठवत नाही, पण तेव्हा मी ते बाबांच्याच नावावर खपवलं. म्हटलं, बाबा, आजोबांनी देव टाकले ते बरोबर केलं. पण हा देव नाही, आणि गोटा तर त्याहून नाही. या. पाहा. मग पोत्यात घाला.

बाबा वच्छलामावशींकडे बघायला लागले. वच्छलामावशी उठल्या, गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश, आणि म्हणाल्या, "दाखव मंग."

बसले मी पाटाशी. वीस पांढऱ्या साड्या भोवती, भिंतीवर मानीकाकू हनुवटी टेकून. शंख भिंतीवरून पाटावर घेतला. फूल बाजूला ठेवलं, कुंकवावर व्हिनेगरचा बोळा लावला... आणि लाल कुंकू पिवळं झालं! सगळ्यांसमोर! मानीकाकूंनी कानाला हात लावले, सतरंजी दोन वीत मागे सरकली. म्हटलं, मावशी, हे हळदीचं आहे, हळदीला चुना लागला की लाल, आंबट लागलं की परत हळद, यात कोणाचा कोप नाही. वच्छलामावशींनी बोट लावून वास घेतला आणि निकाल दिला, "हळदच हाय." सतरंजी परत जागेवर.

मग सुई घेतली. पहिला वेढा दाखवला, दुसरा दाखवला, इथून तो वाढत गेला, हे त्याचं दार, इथून पाय बाहेर काढायचा. बायका वाकल्या. बाबाही वाकले, चष्मा कपाळावर, नाक शंखापासून बोटभर. शेवटच्या खाचेत मातीचा एक कण होता. श्वास धरला, सुई टेकवली, आणि कण सुटला...

आणि तीनचा बार उडाला!

खिडक्या थरथरल्या, खिरीच्या वाट्या वाजल्या, आणि तेवीस वर्षांत पहिल्यांदा मी उडाले नाही. बाबा उडाले! इतके वाकले होते की मागं सतरंजीवर बसूनच गेले. वच्छलामावशी हसल्या, मग सगळ्याच. बाबांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, उठले, शंख तळहातावर घेतला, बराच वेळ फिरवून फिरवून पाहिला, आणि पोतं नेऊन ठेव असं आईला डोळ्यानंच सांगितलं.

जिंकले मी! म्हणजे, वाटलं तसं.

आता हे ऐका. तेव्हापासून बाबा रोज पहाटे फिरायला निर्गुडेकडे जातात आणि येताना खिसे भरून आणतात. माझा टूथब्रश घेतात, पाट घेतात, भिंतीपाशी बसतात. काल एक दाखवायला आले. काळाकुट्ट, गुळगुळीत, अंड्याएवढा. मी चारही बाजूंनी पाहिला. वळण नाही, रेषा नाही, काही म्हणजे काही नाही. भरपूर तेल मात्र लावलेलं होतं. मी अगदी हळू म्हणाले, बाबा, हा ना... हा गोटा आहे.

बाबांनी तो माझ्या हातातून काढून घेतला, शर्टाला पुसला, आणि असे बघायला लागले, जसं मी त्यांच्या खांद्यावर पोतं दिलंय.

"पोरी," म्हणाले, "गोटा म्हनाचं नाई."

काय करता? खोक्यात ठेवला. चिठ्ठी चिकटवली... शंख, बाबांचा.

असे आता सत्तावीस झालेत.