जरीकाठाचा वकील

फिंतास पोलीस ठाणे, बुधवार, ९ मे १९९०

मी, राजश्री विजयकुमार खातू, वय ३१, काम खासगी दवाखान्यात नर्स, नोकरीनिमित्त आखातात, राहणार फिंतास, मूळ गाव चिपळूण, दुभाषी बदरुद्दीन यांच्यामार्फत समक्ष सांगते की,

माझा पासपोर्ट दवाखान्याच्या मालकांनी दोन वर्षे आपल्या कपाटात ठेवला आहे. रजा मागितली की "पुढच्या महिन्यात बघू" म्हणतात. माझी मुलगी अबोली चार वर्षांची असून सासूबाईंकडे आहे. गेल्या शुक्रवारी फोनवर तिने मला "मावशी" म्हटले. मला फार वाईट वाटले. पासपोर्ट सोडवायचाच असे मी ठरवले.

वकील परवडणारा नव्हता. कायद्याचे शिक्षण असलेला, कमी पैशांत अर्ज लिहून देणारा माणूस म्हणून इथल्या मराठी मंडळाचे देवदत्त यांनी याच बदरुद्दीन यांचे नाव सांगितले. रत्नागिरीच्या कोर्टात बारा वर्षे कारकुनी, शिवाय कायद्याची परीक्षा पास. मी सोमवारी त्यांच्याकडे गेले. ते अर्ध्या बाह्यांच्या शर्टात झेरॉक्स काढत होते. मी विचारले, "तुमचा काळा कोट कुठंय?" ते म्हणाले, "बाय, कोटाचा काय करतेस? कागद दाखव." मला भरवसा वाटला नाही. मी परत आले. (हे वाक्य लिहिताना दुभाषी हसले, ते मी पाहिले आहे.)

आज सकाळी दहाला मी स्वतःच अर्ज घेऊन कोर्टात गेले. अर्जाला फोटो लागतो हे ऐकून होते, म्हणून अबोलीचा टाचला होता. दारात एक गृहस्थ पायघोळ काळ्या झग्यात उभे होते. आमच्याकडे कोर्टात काळे घालतो तो वकील. यांच्या काळ्याला तर जरीचा काठ होता, त्यावरून फार मोठा वकील असावा असे वाटले. ते लग्नाची नोंद करायला आलेले नवरदेव आहेत, हे मला कुणी सांगितले नाही.

मला अरबीत "कुठे दुखते" आणि "श्वास घ्या" एवढेच येते. म्हणून मी त्यांची बाही धरली, मुलीचा फोटो दाखवला आणि मला रडू आले. नवरीचे मामा मुस्तफा यांनी फोटो पाहिला, मला पाहिले, मग नवरदेवाला पाहिले. पुढे जी आरडाओरड झाली तिच्यात माझा काही भाग नाही. मी त्यांची टाकलेली बायको नाही. त्यांना मी पूर्वी कधी पाहिलेले नाही. मुलगी वडिलांवर गेली आहे, वडील चिपळूणला आहेत.

पोलिसांनी आम्हा सर्वांना ठाण्यात आणले, दुभाषी म्हणून बदरुद्दीन यांनाच बोलावले आणि माझ्याकडे ओळखीचा कागद मागितला. पासपोर्ट मालकांकडे आहे असे मी सांगितले. बदरुद्दीन यांनी त्यात स्वतःची दोन वाक्ये घातली, ती मला कळली नाहीत. ठाणेदारांनी लगेच दवाखान्यात फोन केला. अर्ध्या तासात मालकांचा ड्रायव्हर अशरफ घाम पुसत पासपोर्ट घेऊन आला.

पासपोर्टावर माझ्या नवऱ्याचे नाव पाहून गैरसमज मिटला. नवरीने मला पेढ्यासारखे काहीतरी दिले. ठाणेदारांनी पासपोर्ट वर धरून काही विचारले. बदरुद्दीन म्हणाले, "कुणाच्या हातात देऊ विचारतो. मोठ्याने सांग." मी "माझ्या" असे मोठ्याने सांगितले.

वरील मजकूर मला मराठीत वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे. सहीसाठी पासपोर्ट टेबलावर ठेवा असे सांगण्यात आले. मी ठेवला नाही. उजव्या हातात तो असल्याने सही डाव्या हाताने केली आहे. वाकडी असली तरी ती माझीच आहे.