गुडघे टेकलेला हवालदार

नाही, मी म्हणतो, या वयात गुडघे टेकायचे? तेही खात्याच्या हुकमाने? तुम्हाला सांगतो, पोलिसात उभा जन्म गेला, चाकूवाल्याला मिठी मारून धरलंय, आणि आता वरून फर्मान येतं... शहरातल्या पोरांच्या जिवाला घोर फार लागलाय, पोलिसांनी तो समजून घ्यायचा, त्याचं प्रशिक्षण! अहो, चोर परवडला!

शिकवायला एक डॉक्टरीणबाई. म्हणाल्या, "समजा, मी लहान मुलगी आहे, बाजारात हरवलेय. बोला माझ्याशी." आणि खुर्चीमागे बसून लागल्या की मुसमुसायला! मी म्हटलं, हात्तिच्या! पट्टा सावरला, गेलो समोर. "नाव? बापाचं नाव? राहायला कुठे? इथे कशाला आलीस? सोबत कोण होतं? खरं सांग!" बाईंनी डोळे पुसले. "हवालदारसाहेब, मी हरवलेय हो, पाकीट नाही मारलं कुणाचं!" अख्खा वर्ग खो खो! आमचे साहेबसुद्धा... ज्यांचे दात मी त्यांच्या बढतीच्या पार्टीतही बघितले नव्हते!

मग काय, बाईंचे धडे सुरू: टोपी काढा, पोराच्या उंचीला या, गुडघे टेकून खाली बसा, 'का' विचारू नका, पोराला बोलू द्या, तुम्ही गप्प राहा. गप्प! मी! आणि घरोघरी आया काय सांगतात? "जेव मुकाट्याने, नाहीतर पोलीस येईल!" म्हणजे आमच्या नावाने भीती घालायची तुम्ही, आणि गुडघे टेकायचे आम्ही? चोर परवडला, त्याच्यासमोर निदान उभं राहता येतं!

बरं, हसण्यावारी नेलं असतं मी. पण आमची धाकटी... रोज सकाळी मी गणवेश चढवला की पोरीच्या पोटात कळ. शाळा बुडतेय, डॉक्टर झाले, औषधं झाली, आणि मी आपला दरडावतोय, "अभ्यास झाला नाही ना? नाटकं करतेस ना?" बायको म्हणाली, "अहो, ओरडू नका तिच्यावर," तर तिलाही दम! शेवटी एके सकाळी टोपी काढली आणि पलंगाशी खाली बसलो. गुडघ्यांनी बोंब मारली, पण मी गप्प... कसा राहिलो, माझं मला माहीत! पोरगी टोपीशी खेळत बसली. मग हळूच म्हणाली, "बाबा, तुम्ही चोरांच्या मागे जाता... परत आलाच नाहीत तर?"

घ्या! माझ्या काळजीने पोरीच्या पोटात गोळा येत होता, आणि मी तिचीच उलटतपासणी घेत होतो.

मग ठरलं. तिची शाळा सुटली की मी घरी फोन करायचा, 'सुखरूप आहे' म्हणायचं. आता जाते शाळेत, पोट ठणठणीत. पण परवा बंदोबस्तात फोन राहून गेला. घरी येतो तर कन्या दारात, कमरेवर हात! "कुठे होतात? सोबत कोण होतं? फोन का नाही केला? खरं सांगा!" म्हटलं, अगं, 'का' विचारायचं नसतं... "आधी उत्तर द्या!" मी मुकाट्याने टोपी काढली, गुडघे टेकले... चोर परवडला हो, त्याला वकील तरी मिळतो!