शांतवन गुरुजींची हजेरी

हॅलो?… हां, फिलोमिनाताई, बोला… येतोय आवाज, जरा तुटतोय. संगमनेर सोडलं, अकोल्याच्या अलीकडं आहोत. रस्त्यात.

हो, छान चाललाय की प्रवास.

आप्पा ना?… आप्पा झोपलेत. मागं… तीनदा केला? अहो, त्यांचा फोन चार्जिंगला लावलाय, अन् गाडीतला पंखा केवढ्यानं ओरडतो, तुमच्या वडलांना कुठलं ऐकू यायला.

नको, आत्ता नको उठवायला. उन्हाचा जरा डोळा लागलाय… दिली, गोळी दिली. शुगरची, हो, ती पिवळी… पांढरी. पांढरीच दिली.

मी कुठं रडतेय? धूळ आहे हो इथं.

…

ताई, थांबा. ठेवू नका. तुम्ही घरीच आहात ना, कोल्हारला?… मग हात जोडते, आधी स्कुटीची चावी घ्या. विचारू नका, घ्या आधी.

घेतली?

आप्पा गाडीत नाहीत.

नाहीत म्हणजे नाहीत. जेवायला थांबलो, त्यांचा डबा द्यायला मी मागचा दरवाजा उघडला, तर पलंगावर नुसती उशी. अन् फोन तिथंच, वायरला लटकलेला.

कोल्हारला राहिले. तुमच्याच कोल्हारला, ताई.

हो, थांबलो होतो… रसवंतीवर… नाही आलो तुमच्याकडं. कसं येणार? तुम्हीच म्हणाला होतात ना, मे महिन्यात आप्पांना त्या पत्र्याच्या डब्यात घालून नेलंत तर माझ्या दारात उभं राहू नका म्हणून. मग तुमच्या दारावरनं मुकाट्यानं पुढं गेलो… बरोबर होतं तुमचं. शंभर टक्के बरोबर होतं. मला काय बोलायचं ते बोला, पण स्कुटी चालू करता करता बोला.

साडेदहाला. आता एक वाजलाय… माहितीय मला अडीच तास होतात ते.

अहो, आप्पा उतरलेच नव्हते. मी दाराशी जाऊन विचारलं, रस घेता का, तर म्हणाले, मला शुगर आहे, मी पडतो जरा. त्यानंतर गाडी कुठंच थांबली नाही, म्हणून तर म्हणते, तिथंच राहिले. आम्ही पैसे देत असताना उतरले असतील लघवीला. अन् दरवाजा लागला मागनं. तुमच्या भावानं कडी केलीय ना ती आपोआप लागणारी, येईल त्याला दाखवत होते कौतुकानं. बाहेरनं बघणाऱ्याला वाटावं, माणूस आत आहे.

पुढनं नाही दिसत. जुनी अँब्युलन्स ना ती, पुढं अन् मागं यांच्यात पत्रा. एक खिडकी होती, तिच्यावर यांनी शेगडीचं कपाट ठोकलं. मी म्हटलं होतं, खिडकी राहू द्या…

निघालात का? फोन ठेवू नका हं. स्कार्फमध्ये खोचा, कानाशी. मला ऐकू येत राहू द्या.

तुमचे भाऊ निघालेत उलटे, एका जीपनं. गाडी कुठली चालू व्हायला, रेडिएटर उकळलाय. मी अन् रूथ बसलोय गाडीच्या सावलीत… तीन वर्षं खपले या गाडीवर, ताई. दर रविवारी चर्चमधनं आले की गाडीखाली. पोरगी पप्पांना चपलेवरनं ओळखायला लागली होती. मी किती भांडले. अन् ते एकच म्हणायचे, आप्पांना एकदा राजूरची शाळा दाखवायची, पहिली नोकरी त्यांची, या वयात एसटीनं कसं न्यायचं? पलंग त्यांच्या उंचीचा. पायरी त्यांच्या गुडघ्याला झेपेल अशी. सगळी गाडी आप्पांसाठी, अन् तीच गाडी आप्पांना सोडून आली.

रूथ होती ना मागं त्यांच्याबरोबर. पण तिला राहुरीपासनं मळमळत होतं, म्हणून रस पाजून पुढं घेतली माझ्या मांडीवर…

घेतली ना हजेरी. तेच तर सांगतेय. तुम्हाला माहितीय आप्पांची सवय, छत्तीस वर्षं मास्तरकी केली, प्रार्थना अन् हजेरी झाल्याशिवाय चाक हलू द्यायचे नाहीत. सकाळी नगरहून निघताना घेतली. वही आणलीय शंभर पानी, सगळं शाळेसारखं. रूथला मॉनिटर केलंय. तर कोल्हारला पोरगी पुढं बसून म्हणाली, आप्पा झोपलेत, मी घेते. साळवे आमोस शांतवन, हजर. साळवे हेलन आमोस, हजर. साळवे रूथ आमोस, हजर. तीन नावं, तिन्ही हजर. वही मिटली, गाडी निघाली.

आप्पांचं नाव नाहीच त्यात. कसं असेल? हजेरी घेणाऱ्याचं नाव कुठं असतं हजेरीत? आयुष्यभर त्यांनीच सगळ्यांची घेतली, ताई. त्यांची कुणी घेतलीच नाही.

रूथ, रडू नको. तुझी नाही चूक… नाही, तुम्हाला नाही, हिला म्हणतेय.

पोचलात? बघा बरं… काय म्हणतो तो?… म्हातारं कुणी बसलंच नव्हतं? नीट विचारा. पांढरा शर्ट, धोतर नाही, पॅन्ट, काळी, हातात काठी… नाही म्हणतो?

देवा.

ताई, थांबा, तिथं रसवंत्या किती आहेत?… चार? मग ही नसेल… पूल ओलांडून गावातनं लोणीच्या रस्त्याला लागलो, तिथं… बोर्ड नाही आठवत मला. निळ्या खुर्च्या होत्या… सगळ्यांच्याच निळ्या आहेत? रूथ, ए रूथ, रस पिलो तिथं काय होतं, सांग आत्याला. काही पण. आठव… पोपट? ताई, पोपट म्हणतेय. चरकावर पोपट काढलाय, हिरवा, अन् मागं कडुनिंब. हो, तोच. जा, जा.

ऊन किती आहे तिकडं? आप्पांची टोपी पण गाडीतच आहे. पाण्याची बाटली, गोळ्या, सगळं गाडीत. एकाचाही नंबर पाठ नाही त्यांना, आधी सगळे असायचे… नाही, पोलिसांना नाही सांगितलं अजून. आधी तुम्ही बघा, नाहीतर लगेच सांगते.

ताई, एक सांगू?… नाही, सांगू द्या, मला कुणाला तरी सांगायचंय. नगरपासनं कोल्हारपर्यंत आप्पा दर दहा मिनिटांनी पत्र्यावर काठी मारत होते. ठक ठक, गाडी हळू घ्या. ठक ठक, राहुरी आली का. ठक ठक, पोरीला पाणी द्या. माझं डोकं उठलं होतं. कोल्हारनंतर एकदाही ठक ठक झालं नाही. अन् मला बरं वाटलं, ताई. मी यांना म्हटलं पण, झोपले वाटतं, देव पावला. दोन तास मी सुखानं खिडकीतनं बाहेर बघत होते. आवाज का येत नाही, हे माझ्या मनात सुद्धा आलं नाही. यांच्या तोंडाकडं बघवेना मला नंतर. पंधरा मिनिटं झाली, तुमचा नंबर काढून बसलेय, लावायची हिंमत होईना. तुमचाच आला, तर खोटं बोलले.

… बोला ना काहीतरी. शिव्या द्या, पण बोला.

दिसली? पोपटाची? कोण आहे तिथं?… खुर्ची आहे?… काठी?

काठी कशी आहे? वर पितळेची मूठ?… आप्पांचीच. खुर्चीवर काठी अन् माणूस नाही? ताई, काठीशिवाय ते चार पावलं नाही चालू शकत. विचारा त्याला. विचारा हो… काय म्हणतोय? मला सांगा ना…

परत सांगा. काठी ठेवून गेलेत… जागा धरायला?

कडुनिंबामागं बघा. लघवीला… परत. बघा ना.

…

ताई?

…

दिसले?

आप्पाच आहेत? नीट बघा… भिंत धरून येतायत?… रूथ, सापडले गं. आप्पा सापडले. ए, रडतेस काय आता वेडे.

पाणी द्या त्यांना. गार नको, एकदम नको. सावलीत बसवा. एखादं बिस्किट तरी द्या, नाहीतर रस द्या अर्धा ग्लास, होऊ दे काय व्हायची ती शुगर… त्या माणसानं दिलं पाणी? घरी सोडतो म्हणाला होता? मग?

नाही गेले?… काय म्हणाले?

तुमचं घर दहा मिनिटांवर, त्यांना रस्ता पाठ, त्या माणसाची मोटारसायकल तयार, अन् अडीच तास तिथंच बसले?

…

हो. माहितीय मला तो नियम. सहलीचा. चुकलेल्यानं जागा सोडायची नाही, शोधणारा तिथंच येतो.

…

असं म्हणाले? हेलन येईल आणि मी दिसलो नाही तर घाबरेल?

…

आहे, ताई. आहे मी. ऐकू येतंय.

यांना कळवते मी, जीप संगमनेरच्या पुढं गेली असेल, येतीलच तासाभरात. तुम्ही न्या आप्पांना घरी… येत नाही म्हणतात? आमोस आल्याशिवाय उठणार नाही?… राहू द्या मग. छत्री आणून बसा जवळ. तुम्ही पण बसा.

द्या त्यांना फोन.

आप्पा… मी, हेलन. मोठ्यानं बोलतेय, येतंय ऐकू?… आहे, रूथ बरी आहे. नाही ओकली परत… हो, राजूरला जायचंच आहे. गाडी थंड झाली की. खिडकी फोडून घेते आधी, कपाट गेलं उडत… नाही, मी नाही घाबरले.

घाबरले, आप्पा. लई घाबरले.

रूथ, वही आण… हो, आत्ताच. आज मी घेणार हजेरी… आप्पा, ऐका. मध्ये बोलायचं नाही… तुमचं नाव त्यात नाही, मला माहितीय. ते नाही म्हणून तर घेतेय.

साळवे शांतवन लूक?

…

नाही ऐकू आलं. ट्रक गेला इथनं. परत.

साळवे शांतवन लूक?

…

ऐकलं, आप्पा. ठेवते आता. जागा सोडू नका.

रूथ, लिही. सगळ्यात वर.