विश्वास नेमका कुठे ठेवायचा?

पंखात! अहो, पंखात सापडला! टेबलाखाली नाही, पेटीमागे नाही, त्याच्या तेलकट जॅकेटच्या फाटक्या अस्तरातही नाही... माझ्या विमानाच्या डाव्या पंखात, ज्या तारेच्या जोरावर विमान कलतं आणि वळतं त्या तारेपासून बोटभर अंतरावर, ऑर्लिन स्कोग ह्या आमच्या मेकॅनिकचा पाना वर्षभर निवांत पहुडला होता, आणि त्याच पंखाच्या भरवशावर मी वर्षभर अख्ख्या मोंटानावरून घिरट्या घालत होते!

तुम्हाला सांगते, मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवते. पुराव्याखेरीज माझ्या वर्गात कुणाला 'म्हणून' हा शब्द उच्चारायची मुभा नाही. आणि अशी मी, वर्षातून एकदा, कायद्याचं बंधन म्हणून, माझं जुनं चार आसनी विमान ह्या गृहस्थाच्या हवाली करते. तो इंजिन उघडतो, पोट उघडतो, खुर्च्या काढून गवतावर मांडतो, मध्येच "हं" म्हणतो (ऑर्लिनच्या घराण्यात उद्गारचिन्ह नाही, आनंद, संताप, शोक, सगळं त्या एका 'हं'मध्ये बसवतात), आणि शेवटी सही करतो की हे विमान उडण्यालायक आहे. का म्हणून विचारावं तर एकच उत्तर, "विश्वास ठेवा, प्रोफेसरबाई!"

आता मला सांगा, विश्वास ठेवायचा म्हणजे नेमका कुठे ठेवायचा?

बरं, मी विचारलं नव्हतं असंही नाही! मागच्या तपासणीनंतर डावीकडे वळलं की 'टिंग' व्हायचं. मी म्हटलं, "ऑर्लिन, टिंग होतं." हा म्हणतो, "पट्ट्याचं बक्कल असेल." मी म्हटलं, "बक्कल फक्त डावीकडेच कसं वाजेल?" तर म्हणे, "डावखुरं असेल." आणि ह्यावर धावपट्टीशेजारच्या कॉफीच्या खोपट्यातली सगळी मंडळी पॅनकेकचा ठसका लागेपर्यंत हसली!

आणि कहर ऐका. वर्षभर मी त्या खोपट्यात पाऊल टाकलं की हा विचारायचा, "प्रोफेसरबाई, माझा पाना... चुकून... तुमच्या गाडीत तर गेला नाही ना?" त्या 'चुकून'च्या आधीची आणि नंतरची ती विश्रांती ऐकायला हवी होती तुम्ही! म्हणजे चोर कोण? मी! का? तर आमच्याकडे मालकानं विमानाच्या झाकणांचे स्क्रू काढायचे आणि मेकॅनिकनं आत बघायचं, अशी रीत; त्यामुळे त्याच्या हत्यारांच्या आसपास वावरणारी संशयित व्यक्ती एकमेव.

तर ह्या वर्षी, पंखाच्या पोटाखालची गोल झाकणं मी काढलेली, खांद्यापर्यंत हात आत घातलेला ऑर्लिन एकाएकी थबकला. "हं." मला वाटलं, मेलेला उंदीर. हळूहळू हात बाहेर आला, हातात पाना, आणि चेहऱ्यावर... जत्रेत हरवलेलं पोर सापडल्याचं तेज! आणि काय म्हणाला असेल? क्षमा? छे!

"सापडला की हो! मी म्हणत नव्हतो, तुमच्याकडेच आहे?"

 मी ओरडले, "ऑर्लिन, तो तारेत अडकला असता तर मी मेले असते!"

"पण मेला नाहीत ना?" तो शांतपणे म्हणाला. "वर्षभर जागचा हलला नाही. म्हणजे बघा, किती नीट ठेवला होता!"

'टिंग' काय मग देवळातून येत होतं?

तुम्ही म्हणाल, दुसरा मेकॅनिक बघा. बघितला असता! तो डोंगरापलीकडे. विमान तिथे न्यायचं तर उडवत न्यायचं. उडवायचं तर वार्षिक तपासणी झालेली हवी. आणि ती करणार कोण? ऑर्लिन! चक्रापत्ती, म्हणजे फिरून फिरून सुरुवातीलाच येणारा युक्तिवाद, काय असते ते मी अठरा-अठरा वर्षांच्या मुलांना फळ्यावर समजावते, आणि स्वतः तिच्यात पंखांसकट उभी!

मग मी ठरवलं, विश्वास नाही, पडताळणी. त्याची सगळी हत्यारं पेटीत परत गेल्याचं डोळ्यांनी पाहिलं. मग तोंडात टॉर्च धरून एकेका भोकात डोकावले, टॉर्च आत टेकवून दोन्ही हातांनी तार न् तार चाचपली, आणि तेव्हाच म्हटलं, "लावा झाकणं. आणि पहिल्या उड्डाणाला तुम्ही शेजारी बसायचं."

ऑर्लिन पांढराफटक!

"मी? वर? नाही बुवा."

"का? तुमच्या कामावर तुमचाच विश्वास नाही?"

"कामावर आहे हो. विमान मी दर वर्षी तपासतो. पण चालवणार तुम्ही. तुम्हाला कधी तपासतात?"

"परीक्षक शेजारी बसून तपासतो. दोन वर्षांनी एकदा."

"हं. मग हे मधलं वर्ष असेल."

होतं! मधलंच होतं! ह्या युक्तिवादात भोक सापडेना म्हणून मी त्याला दंडाला धरून आत बसवला.

उडालो. डावीकडे वळले. शांत. टिंग नाही, काही नाही! मी विजयी मुद्रेनं उजवीकडे वळले... आणि खळ्ळ! उजव्या पंखात! दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"बक्कल," ऑर्लिन म्हणाला. आवाज इतका बारीक की लग्नानंतर बायकोपुढेही तसा निघाला नसेल. मी जपून, श्वास रोखून, पंख जराही न कलवता विमान सरळ नेत राहिले, मग दोन्ही हातांत अंडी घेतल्यासारखं वळवत वळवत आणून उतरवलं. खाली येताच हा पठ्ठ्या पंखाखाली! सरसर झाकण काढलं, आणि आता शपथेवर सांगते... आतून उजेड आला.

उजेड! भर दुपारी!

"हं," ऑर्लिन म्हणाला, आणि माझा टॉर्च बाहेर काढून, तेलकट फडक्यानं पुसून, अदबीनं माझ्या हातात ठेवला. "अजून चालू आहे. चांगला दिसतो."

एवढंच. पण संध्याकाळच्या आत खोपट्यात कळलं. तेव्हापासून मी दारात दिसले की कुणीतरी विचारतंच, "प्रोफेसरबाई, माझा चष्मा... चुकून... तुमच्या पंखात तर नाही ना?"

पुढच्या वर्षीची तपासणी? ऑर्लिनकडेच. दुसऱ्याला कुठल्या तोंडानं बोलावू? आणि विश्वासाचं म्हणाल, तर ठेवलाय हो... ठेवलाय कुठेतरी. पुढच्या वर्षी झाकणं उघडली की सापडेल!